कमरेचा पट्टा: ५ पैकी ३, तेही कसेबसे

जिममध्ये डेडलिफ्टला (जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम) १०० किलो लावले, तिसऱ्यांदा उचलताना पाठ वाकली आणि कमरेत अशी उसण भरली की बूट काढायलापण मित्र लागला. चूक माझीच, आदल्या आठवड्यात ८५ वर होतो.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणला, तो मागे पत्र्याच्या पट्ट्यावाला. उठताबसताना, स्कूटरवर आधार वाटतो हे खरं, पण आत घामोळं येतं, बसलं की वर सरकतो आणि वेल्क्रो दीड महिन्यात गेलं. शिवाय याने काही बरं होत नाही, नुसता आधार. जिममधला चामड्याचा बेल्ट वेगळा, तो पोटाने त्यावर दाब देऊन पाठ ताठ ठेवायला असतो, तो बांधून दुखऱ्या कमरेने वजन उचलायला जाऊ नका.

खरा फरक पडला तो रोज चालल्याने आणि फिजिओने दिलेल्या कॅनडाचे पाठदुखीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या ३ व्यायामांनी, कर्ल-अप, साइड प्लँक, बर्ड डॉग. आई म्हणाली झोपून रहा, २ दिवस राहिलो तर अजूनच आखडलं! पाय बधिर होत असेल किंवा लघवीचा त्रास असेल तर पट्टाबिट्टा सोडा, सरळ डॉक्टर गाठा.

आणि हो, पँटच्या साइजवरून घेऊ नका, टेपने माप घ्या.