नवी टाकी, सतरा मेलेले मासे आणि दुकानातला काळा स्पंज

सात आठवड्यांत आमच्या घरी सतरा मासे मेले. दर वेळी मी दुकानात गेले, दुकानदाराने कधी आजार, कधी फिल्टर असं काहीतरी कारण सांगितलं, औषध दिलं आणि पिशवीत नवे मासे बांधून दिले. माशांना आजार नव्हताच. ते पाण्यामुळे मरत होते आणि ही गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. रागाच्या भरात आरोप करत नाहीये. मला हे कसं कळलं ते पुढे येईलच.

जुलैमधली गोष्ट. लेकीचा नववा वाढदिवस होता आणि तिला वर्षभरापासून मासे हवे होते. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खरं काय ते मला तिथल्याच एका कामगार मुलाने सांगितलं आणि माझ्यामुळे त्याची नोकरी जायला नको.

दुकान रविवारी तुडुंब भरलेलं होतं. मालक बोलायला गोड. "ताई, पहिल्यांदाच घेताय ना? मग सगळा सेट मीच लावून देतो, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका." दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, झाकण, लाइट, फिल्टर, एअर पंप, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, खाद्य, अँटी-क्लोरीनची बाटली असे मिळून ४,८०० रुपये. आम्ही मासे पुढच्या आठवड्यात न्यायचं म्हणत होतो. तोच म्हणाला, "कशाला थांबवता पोरीला? पाणी भरा, अँटी-क्लोरीनचे दहा थेंब टाका, अर्ध्या तासात मासे सोडा." लेक माझ्याकडे बघत होती. आम्ही मासे घेतले. चार ऑरंडा गोल्डफिश, सहा गुलाबी-हिरवे-निळे टेट्रा, दोन 'शार्क' आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. तेरा मासे, ९४० रुपये.

पावती मागितली तर एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. त्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गोल्डफिश पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडमीट करत होते. लेकीला वाटलं त्यांना भूक लागलीय, म्हणून तिने जास्त खाद्य टाकलं. आता त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांचा श्वास कोंडत होता आणि त्या खाद्याने पाण्यात आणखी विषच वाढलं. कल्ले लालभडक, पर अंगाला चिकटलेले. शनिवारपर्यंत सहा मासे गेले. लेकीने एका वहीत त्यांची नावं लिहायला सुरुवात केली होती. मी ती वही कपाटात ठेवून दिली.

रविवारी पुन्हा दुकानात. मालकाने फोनवरचा फोटो नीट बघितलाही नाही. "इन्फेक्शन आहे ताई. पावसाळ्यात होतंच." निळं औषध १५० रुपयांना आणि 'बॅक्टेरिया'ची बाटली ३५० रुपयांना दिली. आणि मग तो सल्ला, ज्यात सगळी मेख आहे: "घरी गेल्यावर पाणी पूर्ण फेकून द्या. खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुवा, अगदी पांढरा झाला पाहिजे. दर रविवारी हेच करायचं." शिवाय मेलेल्यांच्या जागी चार मासे, ३६० रुपये.

आम्ही मन लावून धुतलं. नवऱ्याने बाथरूममध्ये बसून एकेक खडा घासला. पुढच्या तीन आठवड्यांत सात मासे मेले.

दुसऱ्या खेपेला त्याने सांगितलं की फिल्टर कमी ताकदीचा आहे, आणि १,४०० रुपयांचा 'इम्पोर्टेड' फिल्टर गळ्यात मारला. म्हणजे पहिला फिल्टरही त्यानेच निवडून दिला होता हे मी तेव्हा बोललेच नाही. पाच मासे ४०० रुपयांना, आणखी एक औषध २५० रुपयांना. इथपर्यंत ८,६५० रुपये झाले होते. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे की लेक विचारायला लागली, "आई, माझ्यामुळे मरतात का?"

तिसऱ्या वेळी मी रविवारी न जाता एका बुधवारी दुपारी गेले. आदल्या दोन दिवसांत आणखी चार गेले होते. मालक जेवायला गेला होता. दुकानात एक मुलगाच होता आणि तो विक्रीच्या नव्या टाक्या भरत होता. त्याने जुन्या टाकीतून एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढला आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या नव्या टाकीत पिळला. सगळं पाणी गढूळ झालं. मी चमकले. म्हटलं, "अरे, घाण कशाला टाकतोस? स्पंज नळाखाली धुवायचा ना?"

तो हसला नाही की काही लपवलंही नाही. अगदी साधेपणाने म्हणाला, "नाही मावशी, धुतला तर मासे मरतात. जुन्या टाकीचा गाळ टाकल्याशिवाय नवीन टाकीत मासा टिकत नाही. शेठ आम्हाला नळाच्या पाण्यात धुवूच देत नाहीत."

मी तिथेच स्टुलावर बसले. स्वतःच्या टाक्यांसाठी एक नियम आणि गिऱ्हाइकाला त्याच्या नेमका उलटा. मालक आल्यावर मी सरळ विचारलं. तो आधी म्हणाला, घरच्या टाकीचं वेगळं असतं. मग म्हणाला, जिवंत मालाची गॅरंटी नसते. आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आमच्या समोरच्या इमारतीत एक काका गेली तीस वर्षं मासे पाळतात. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाणी तपासायचं किट आणलं, थेंब टाकायचं असतं ते. अमोनियाच्या नळीतलं पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे ४ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत चार भाग). तिथे शून्य असायला हवं. मग नायट्राइट बघितलं, ते शून्य. मला वाटलं चला, निदान ते तरी ठीक आहे. काका म्हणाले, "हेच तर वाईट आहे. सात आठवडे टाकी चालू आहे आणि अजून नायट्राइटसुद्धा तयार होत नाही. म्हणजे तुमच्या टाकीत जिवाणूच नाहीत. दर रविवारी तुम्ही त्यांना धुऊन टाकताय."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. नदी-तळ्यात तो पसरून जातो, पण पन्नास-पंचावन्न लिटरच्या काचेच्या डब्यात साठतो आणि कल्ले जाळतो. जुन्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद ते काढून घेतं. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तेच मुळी जंतू मारण्यासाठी. त्या पाण्याखाली स्पंज चोळला की ही वस्ती संपली. निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, हेही या जिवाणूंना मारतं. आणि माझ्या दुकानदाराने 'बॅक्टेरिया'ची बाटली आणि जिवाणू मारणारं औषध एकाच पिशवीत घालून दिलं होतं! त्या बाटलीवर ना बनवणाऱ्याचं नाव होतं ना तारीख, आणि ती उन्हातल्या काचेच्या कपाटात उभी होती.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या सोसायट्यांसाठी महत्त्वाची आहे. आमच्याकडे महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र येतं. बोअरचं पाणी जड, त्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) ८ च्या आसपास. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी जितकं गरम तितका तो आणखी वाढतो.

मासेही फसवूनच दिले होते. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, टेट्राला कोमट. त्यांना एकत्र ठेवायचंच नसतं. शिवाय गोल्डफिश भरपूर घाण करतो आणि ऑरंडासारखी जातही वीतभर वाढते. दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश म्हणजे जिवाणू असते तरी गर्दीच. रंगीत टेट्रांपैकी दोन वाचले आणि महिन्याभरात फिक्के पडून राखाडी झाले. त्यांना रंग दिलेला होता. 'शार्क' म्हणून दिले ते पंगास. हॉटेलात 'बासा' म्हणून ज्याचे तुकडे येतात तोच मासा, मीटरभर वाढणारा. सकरही दीड फुटाच्या आसपास जातो. हे तिन्ही प्रकार 'टाकीतले मासे' म्हणून सर्रास विकले जातात. आमचे पंगास आणि सकर शेवटपर्यंत जगले याचं कारण काकांनी सांगितलं: ते वर येऊन हवा गिळू शकतात.

वाचलेले पाच मासे घेऊन आम्ही पुन्हा सुरुवात केली. काकांनी त्यांच्या फिल्टरमधला जुना स्पंज कापून अर्धा दिला, तो ओलाच आणून आमच्या फिल्टरमध्ये बसवला. रोज चतुर्थांश पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून, अँटी-क्लोरीन टाकून. खाद्य एक दिवसाआड, चिमूटभर. खडे धुवायचे नाहीत. दहाव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइट दिसलं. तेव्हा काकांनी सगळ्या टाकीला मिळून एक चमचा खडेमीठ विरघळवून घालायला लावलं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही शून्यावर आले. त्यानंतर एकही मासा मेला नाही. पंगास आणि सकर काकांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात गेले. नदीत किंवा तलावात ते सोडू नका, तिथल्या माशांवर ते संकट होतं.

आता कुणी नवी टाकी घेणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: त्याच दिवशी मासे घेऊ नका. जो दुकानदार तुम्हाला महिन्याभराने या म्हणतो तो धंद्यात नुकसान सोसून खरं बोलतोय, त्याच्याकडूनच घ्या. टाकीत पाणी भरा, मासे न सोडता फिल्टर चालू ठेवून चिमूटभर खाद्य टाकत राहा, ते कुजून अमोनिया देतं आणि जिवाणूंना खायला मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी चढून मग पुन्हा शून्यावर आले की सुरुवातीला दोन-तीन छोटेच मासे आणा. थेंबांचं किट महाग वाटतं, पण आमच्या फुकट गेलेल्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडलं असतं. स्पंज मळला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. मासा वर येऊन श्वास घेताना दिसला तर औषध आणायला धावू नका, आधी क्लोरीन काढलेल्या पाण्याने चतुर्थांश-तृतीयांश पाणी बदला. "पूर्ण पाणी फेका आणि स्पंज पांढरा करा" असं सांगणारा माणूस तुम्हाला पुढच्या रविवारी पुन्हा दुकानात बोलावतोय, एवढं लक्षात ठेवा.

आणि छापील पावती घ्याच. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न पावतीचा होता. माझ्याकडे ती चिठ्ठी होती फक्त.

लेकीला सगळं समजावून सांगितलं. मुलाने काय दाखवलं, काका काय म्हणाले, सगळं. तिने कपाटातली वही मागून घेतली, सतरा नावं पूर्ण केली आणि मागच्या पानावर आता दर रविवारी अमोनियाचा आकडा लिहिते. आमच्या फिल्टरमध्ये सध्या दोन स्पंज आहेत. त्यातला एक दुसऱ्यांना देण्यासाठीच ठेवलाय. सिंहगड रस्त्याच्या आसपास कुणाची नवी टाकी असेल तर मला विचारा, टाकी तेव्हा निरोगी असेल तर तुकडा कापून देईन. येताना झाकणाचा डबा आणा, तो ओलाच न्यावा लागतो.