विंडोजला स्वतःचं ग्राफिक्स कार्ड: केव्हीएमवरचे आठ महिने

माझं सगळं काम लिनक्सवर चालतं, स्केचअप हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर सोडून. त्याची डेस्कटॉप आवृत्ती विंडोज आणि मॅकसाठीच मिळते, आणि मॉड्युलर किचनची डिझाइनं मी त्यातच करते. दरवेळी मशीन रीस्टार्ट करायचा कंटाळा आला, म्हणून विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, घालायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला. एका प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअरमध्ये विंडोज टाकलं. मेल, एक्सेल सुरळीत. पण ट्रॉल्या, बिजागऱ्या, हँडल असं सगळं भरलेलं मॉडेल माऊसने फिरवलं की ते अडकत अडकत वळायचं. ओट्याचा कोपरा धरायला जावं तर बाण भलतीकडेच. रॅम वाढवली, कोअर वाढवले, काडीचाही फरक नाही. गेस्टला, म्हणजे आतल्या विंडोजला, मिळालेलं ग्राफिक्स कार्डच मुळात खरं नव्हतं, सॉफ्टवेअरने उभं केलेलं होतं.

मग लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमू-केव्हीएम या जोडीकडे वळले. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. वरून व्हर्ट-मॅनेजर घेतलं की खिडक्या-बटणांतून बरंचसं काम होतं. खरी जादू व्हीएफआयओची. त्याने अख्खं ग्राफिक्स कार्ड गेस्टच्या हवाली करता येतं. माझ्याकडे लिनक्सचा डिस्प्ले प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो आणि एनव्हिडियाचं जुनं कार्ड विंडोजकडे असतं. २०२१ मध्ये ४६५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने जीफोर्स कार्डांना हे अधिकृतपणे करू दिलं. त्याआधी व्हर्च्युअल मशीनमध्ये ड्रायव्हर देत असलेला 'कोड ४३' हा एरर चुकवायला लोक नाना खटपटी करत.

सेटअपला दोन रविवार गेले. पहिला मदरबोर्डने खाल्ला. आयओएमएमयू ही उपकरणांची मेमरी एकमेकांपासून वेगळी ठेवणारी हार्डवेअरमधली सोय. तिच्या एका ग्रुपमधली उपकरणं गेस्टला एकत्रच द्यावी लागतात, आणि माझ्या जुन्या बोर्डावर कार्ड आणि हार्डडिस्कचा कंट्रोलर एकाच ग्रुपात निघाले. कार्ड द्यायचं तर लिनक्सची डिस्कही गेली! बोर्ड बदलावा लागला. म्हणून कळकळीने सांगते, काहीही विकत घेण्याआधी त्या बोर्डाचे ग्रुप कसे पडतात ते शोधा. कार्डाबरोबर त्याचं एचडीएमआय ऑडिओही द्यायचं असतं, ते विसरू नका.

दुसऱ्या रविवारी विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कची यादी कोरी दिसली. घाबरू नका. व्हर्टआयओची, म्हणजे आभासी उपकरणांच्या ड्रायव्हरची, आयएसओ फाइल दुसरी सीडी म्हणून जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबून स्टोरेजचा ड्रायव्हर निवडा, डिस्क लगेच दिसते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, तीही व्हर्ट-मॅनेजरमधून आभासी जोडता येते.

आता चित्र दाखवायला मी लुकिंग ग्लास हे सॉफ्टवेअर वापरते. गेस्टची फ्रेम सामायिक मेमरीतून थेट लिनक्सच्या खिडकीत येते. १०८० पिक्सेलच्या स्क्रीनला ३२ एमबी पुरतात. कार्डाला मॉनिटर जोडलेला नसल्यामुळे मॉनिटर असल्याचं भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग लावला आहे.

आणि वेग? तेच किचन, त्याच ट्रॉल्या, सावल्या चालू ठेवून फिरवते. हाताबरोबर मॉडेल वळतं. पूर्वी थेट विंडोजमध्ये काम करायचे त्यात आणि यात मला फरक जाणवत नाही.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र या वाटेला जपूनच जावं, तिथे दोन ग्राफिक्सची वायरिंग फार गुंतागुंतीची असते. आणि एकसारखी दोन कार्डं घेऊ नका: दोघांचा आयडी एकच, त्यामुळे आयडी देऊन एक बाजूला काढायला गेलात तर व्हीएफआयओ दोन्ही धरतं आणि लिनक्सचा पडदा काळा होतो.