सोलर बंब : शंभर लिटरचा घ्यावा की दोनशेचा? सांगली-साताऱ्याच्या घरांसाठी सविस्तर परीक्षण

काचेच्या निर्वात नळ्यांचा, म्हणजे ईटीसी प्रकारचा सोलर बंब सांगलीत आणि साताऱ्यात मुख्यतः दोन मापांत विकला जातो : 100 लिटर आणि 200 लिटर. वस्तू चांगली आहे, आणि नीट बसवली तर दहा वर्षं सहज चालते. मात्र ती विकताना मांडला जाणारा हिशेब चुकीचा असतो. त्यामुळे अनेक घरांवर गरजेच्या दुप्पट टाकी चढते, आणि ज्या घरांनी ती घ्यायलाच नको होती त्यांनाही ती विकली जाते.

दुकानातला हिशेब असा असतो. 200 लिटर पाणी 24 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 4.186 किलोज्यूल लागतात. म्हणून 200 × 36 × 4.186 म्हणजे साधारण 30,140 किलोज्यूल. एका युनिटात 3,600 किलोज्यूल असतात, तेव्हा 8.4 युनिट. रोज 8 युनिट, वर्षाचे 300 दिवस, युनिटला 12 रुपये : 28,800 रुपये. बंब 30,000 चा, म्हणजे वर्षात पैसे वसूल.

भौतिकशास्त्र बरोबर आहे. चूक आहे ती यात, की टाकीत तापलेलं पाणी आणि घरात वापरलेलं पाणी एकच धरलं आहे. बंब नसता तर गिझरने जेवढी वीज खाल्ली असती, तेवढीच बचत खरी. चार माणसं बादलीने अंघोळ करतात. माणशी 22-23 लिटर, म्हणजे सगळे मिळून 90 लिटर, आणि तेही 42 अंशांचं. 90 × 18 × 4.186 भागिले 3,600 केलं की उत्तर येतं 1.9 युनिट. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून 2 युनिट म्हणू. कागदावरच्या आठातली सहा युनिटं कोणी वापरतच नव्हतं, मग ती वाचणार कुठून?

दिवसही 300 धरू नयेत. जून ते सप्टेंबरचा बराचसा काळ ढगात जातो, तेव्हा 270 धरणं रास्त. वर्षाला 540 युनिट झाली.

आता युनिटचा दर. इथे सरासरी दर लावणं ही दुसरी मोठी चूक. महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. गिझरची वीज कमी झाली की ती बिलाच्या वरच्या टोकाकडून कमी होते. महिना 180 युनिट वापरणाऱ्या घरात 60 कमी झाली, तर साठही युनिटं महागड्या टप्प्यातली. त्या घराने बिलातल्या 101-300 टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क मिळवून निघेल तो दर घ्यावा. हिशेबापुरते 12 रुपये धरू. म्हणजे वर्षाला 6,480 रुपये. महिना 90 युनिटांत भागणाऱ्या घरात मात्र तीच 60 युनिटं स्वस्त टप्प्यातली. तिथे साडेसहा रुपये धरले तर वर्षाला 3,510 रुपयेच वाचतात.

100 लिटरचा बंब बसवून 20,000 रुपयांना पडतो असं धरू. देखभालीला वर्षाला सरासरी 1,000 काढून ठेवा. ते कशाला लागतात ते पुढे येईलच. हेच पैसे 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिले असते, म्हणून पुढच्या दहा वर्षांच्या बचतीची आजची किंमत काढायला वार्षिक रकमेला 7.02 ने गुणायचं. पहिल्या घराचे निव्वळ 5,480 रुपये म्हणजे आजचे 38,500. बंब 20,000 चा, तेव्हा बिनदिक्कत घ्यावा. दुसऱ्या घराचे 2,510 रुपये म्हणजे आजचे 17,600. त्या घराला बंब तोट्यात जातो. बंब एकच, ऊन एकच, तरी दोन घरांची उत्तरं उलटी येतात. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका, आपलं बिल काढून बसा.

गॅस गिझर वापरणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. एक किलो एलपीजीत सुमारे 46 मेगाज्यूल. त्यातले 80 टक्के पाण्यात उतरले, तर 90 लिटरच्या अंघोळींना दिवसाला साधारण 186 ग्रॅम गॅस लागतो. 14.2 किलोचा सिलिंडर अडीच महिने पुरतो. सिलिंडर 860 ला धरला तर दिवसाचे 11 रुपये. वरच्या टप्प्यातल्या विजेचे 24 रुपये होतात, त्याच्या निम्म्याहून कमी. अशा घरात केवळ पैशांसाठी बंब घेण्यात फारसा अर्थ नाही. बाथरूम कोंदट असेल आणि गिझर आतच बसवलेला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्यासाठी मात्र तो बदलावाच. तिथे हिशेब बघू नये.

छतावर वीजनिर्मितीचे सोलर पॅनल आधीच असतील तर थांबा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावर तयार झालेली वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या सोयीत, तुमची युनिटं उरत असतील, तर वाचवलेल्या युनिटला 12 रुपये मिळत नाहीत. वर्षअखेरीस शिल्लक युनिटांना मिळणारा दर त्याहून खूपच कमी असतो. अशा घराने साधा गिझर दुपारी लावावा.

आता 200 लिटरचा प्रश्न. स्वच्छ उन्हाच्या दिवशी टाकीतलं पाणी 50 ते 55 अंशांवर जातं. 42 अंशांचं 90 लिटर पाणी करायला 55 अंशांचं 52 लिटर आणि 24 अंशांचं 38 लिटर पुरतं. डिसेंबरात नळाचं पाणी 20 अंश आणि टाकीतलं 50 धरलं, तरी 66 लिटरच. म्हणजे चार माणसांच्या बादलीच्या घराला 100 लिटर पुरून उरतं.

यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं : "ढगाळ दिवसासाठी साठा नको का?" हे तपासून बघू. हिवाळ्याच्या 120 दिवसांत दहातला एक दिवस ढगाळ धरला. पहिला ढगाळ दिवस शंभराची टाकीही आदल्या दिवशी उरलेल्या पाण्यावर बहुतेक निभावते, अडचण लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी येते. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असते तर ही शक्यता शंभरात एक. ते तसे नसतात. ढग आले की मुक्काम करतात. आज ढगाळ असेल तर उद्याही असण्याची शक्यता निम्मी धरा. मग शक्यता होते विसात एक, म्हणजे 120 दिवसांत सहा दिवस. सहा दिवस गिझर लावायला दीडशे रुपये पुरतात. त्या दीडशेसाठी 10,000 रुपये जास्त मोजायचे? पावसाळ्यात उलटा प्रकार. साताऱ्यात ढग आठवडे आठवडे हटत नाहीत, तिथे 200 लिटरही तिसऱ्या दिवशी गार. मोठी टाकी हिवाळ्यात लागत नाही आणि पावसाळ्यात पुरत नाही.

शॉवरच्या घरांना हे लागू नाही. मिनिटाला 8-9 लिटरचा शॉवर सहा मिनिटं चालला की माणशी 50 लिटर. चौघांचे 200 लिटर करायला 55 अंशांचं 116 लिटर लागतं. तिथे, आणि सात-आठ माणसांच्या एकत्र कुटुंबात, 200 लिटरच घ्यावा.

नळ्या मोजून आणि मापून घ्या. 58 मिलिमीटर व्यासाच्या, 1,800 मिलिमीटर लांबीच्या दहा नळ्या 100 लिटरला ठीक. त्याच संख्येने 47 मिलिमीटरच्या नळ्या लावून स्वस्तात दिलेला बंब ऊन जवळपास पाचव्या हिश्शाने कमी पकडतो. लांबी 1,500 ची असली तर आणखी कमी. कोटेशनवर व्यास, लांबी आणि संख्या तिन्ही लिहून घ्यावं.

स्टँडचा कोन हिवाळ्यासाठी असावा, कारण एप्रिल-मेमध्ये गरम पाणी मागतंय कोण? सांगली 16.9 अक्षांशावर, सातारा 17.7 वर. 21 डिसेंबरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 50 अंश चढतो. म्हणून नळ्यांचा उतार 30 ते 40 अंश हवा, तोंड दक्षिणेला. पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली तेव्हाच बघा : त्या दिवशी दुपारी एक मीटर उंच भिंतीची सावली 85 सेंटिमीटर पडते, सकाळी साडेनऊला तीच पावणेदोन मीटरच्या जवळ जाते. मे महिन्यात बंब बसवताना ही सावली दिसत नाही आणि डिसेंबरात तक्रार सुरू होते.

पाइपलाइनकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. पाऊण इंची पाइपात मीटरमागे 0.31 लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत 0.18. गच्चीपासून बाथरूम 15 मीटर लांब असेल, तर पाऊण इंचीत 4.7 लिटर आणि अर्ध्या इंचीत 2.7 लिटर पाणी अडकतं. दर अंघोळीनंतर ते तिथेच गार होतं. चौघं तास-तासाच्या अंतराने अंघोळीला गेले, तर पाऊण इंचीत 19 लिटर तापलेलं पाणी नुसतं पाइपात निवतं. एकाच बाथरूमला अर्धा इंची लाइन टाका, तिच्यावर फोमचं वेष्टन चढवा आणि अंघोळी पाठोपाठ उरका. सुरुवातीचं गार पाणी बादलीतच घ्या, पुढे विसणाला लागणारच आहे. गरम लाइनला साधा पीव्हीसी चालत नाही, मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) किंवा जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) टाका.

गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या माथ्यापेक्षा वर हवा आणि हवेचा पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच. घरात प्रेशर पंप असेल आणि मिक्सर नळ असतील, तर गार पाणी दाबाने गरम लाइनीत शिरून उलटं बंबात चढतं. "सोलरला गरम पाणीच येत नाही" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्यावर इलाज आहे.

पाण्याचा प्रकार हा सातारा आणि सांगली यांतला खरा फरक. साताऱ्यात कास आणि उरमोडीचं पाणी येतं, तिथे क्षारांचा त्रास कमी. मिरज, वाळवा, पलूस भागात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो, आणि 60 अंशांच्या वर तो वेगाने बसतो. सोलर बंबाचा दुसरा प्रकार, म्हणजे पाणी तापवणारे तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनल, अशा पाण्यावर दोन-तीन वर्षांत तुंबू शकतात. ईटीसीत क्षार नळीच्या तळाशी साचतात. नळी काढून धुता येते, म्हणून बोअरच्या पाण्याला ईटीसीच बरा. वर्षातून एकदा नळ्या उतरवून साफ करायच्या, रबरी रिंगा बदलायच्या आणि टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा बघायचा. हा दांडा स्वतः झिजून टाकीला वाचवतो. संपला की गंज टाकीला लागतो, आणि विकताना त्याचं नाव क्वचितच निघतं. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर साध्या 304 स्टीलच्या टाकीला सूक्ष्म छिद्रं पडतात. 316 स्टील किंवा काचलेपाची टाकी मागा, थोडी महाग पडली तरी. वर्षाचे हजार रुपये जातात ते यातच.

"शून्य टक्के हप्ते" घेऊ नयेत. रोखीने 18,500, हप्त्याने 2,000 चे दहा आणि 500 रुपये प्रोसेसिंग फी असा प्रस्ताव असेल, तर तुमच्या हाती 18,000 चंच कर्ज पडतं आणि फेडायचे 20,000. महिन्याला 1.96 टक्के, म्हणजे वर्षाला 23 ते 24 टक्के व्याज झालं. सोनेतारण कर्जही सहसा याहून स्वस्त मिळतं.

वाढीव वॉरंटीलाही हाच न्याय. एखादी नळी वर्षात फुटण्याची शक्यता 2 टक्के धरली, तर दहा नळ्यांत पाच वर्षांत सरासरी एक नळी. मजुरीसकट आठशे रुपये. वॉरंटीला 3,000 मागत असतील आणि त्यात काचफूट वगळलेली असेल, तर घेऊ नका. डोंगराजवळच्या घरांवर माकडं येतात, तासगावकडे एप्रिल-मेमध्ये गारा पडतात. तिथे त्या तीन हजारांत वर जाळी बसवा.

बसवण्याच्या दिवशी एकच गोष्ट हट्टाने पाळायला लावा. रिकाम्या नळ्या उन्हात तासभर राहिल्या की आतली काच दीडशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्यात गार पाणी सोडलं की तडकते. पाणी सकाळी उजाडायच्या आत भरायचं किंवा नळ्या पोत्याने झाकून ठेवायच्या. गच्चीवरची टाकी दुपारी रिकामी झाली आणि बंबही कोरडा पडला, तर मोटर लावण्याआधी बंबाकडे जाणारा कॉक बंद करा आणि तो थेट दुसऱ्या दिवशी पहाटे उघडा.