वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्ण तपासायला शिकायचं कुठे: हॉस्पिटलच्या वॉर्डात की फॅमिली डॉक्टरांकडे?
वॉर्डात ठळक खुणा सापडतात: वाढलेली प्लीहा (पाणथरी), हृदयाची मर्मर (ठोक्यांमधला जादा सळसळता आवाज), फुप्फुसाभोवती साचलेलं पाणी. पण एकाच पोटावर दहा जणांचे हात फिरतात, रुग्ण वैतागतो आणि निदान केसपेपरवर आधीच लिहिलेलं असतं. ते वाचल्यावरच मर्मर 'ऐकू' येणारे विद्यार्थी काही कमी नसतात!

फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळं उलटं. समोरचा माणूस नुसतं 'चक्कर येते' म्हणतो, पुढचं आपण शोधायचं. शिवाय निरोगी कान, निरोगी छाती भरपूर तपासायला मिळते. नॉर्मल काय हे कानाला-हाताला ठाऊक नसेल तर बिघाड ओळखणार कसा?

रक्तदाबाचंच घ्या. दंडाचा पट्टा सैल करताना धमनीतून येणारे, रशियन डॉक्टर कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये वर्णन केलेले आवाज ऐकणं फार अवघड नाही. चुका होतात त्या त्याआधी. रुग्णाला ५ मिनिटं शांत बसवलेलं नसतं, हात हृदयाच्या पातळीवर नसतो, जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वाढतो. दवाखान्यात डॉक्टर शेजारी असतात, चूक तिथल्या तिथे पकडतात. कानात बघताना मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्या बाळाचा खाली, हेही असंच हातात बसतं.

अर्थात गर्दी झाली की दवाखान्यात शिकवणं मागे पडतं आणि अत्यवस्थ रुग्ण तिथे क्वचितच दिसतो. तरी पहिले काही महिने मी दवाखानाच निवडेन. मोठी प्लीहा नंतरही भेटेल.