खाकी उतरवून राजकारणात: फौजदार आणि आयुक्त

सत्यपाल सिंह आणि सुशीलकुमार शिंदे, दोघेही महाराष्ट्र पोलिसांतले, पण नोकरी सोडण्याच्या वेळेत फार मोठा फरक. सत्यपाल सिंह 1980 च्या तुकडीचे आयपीएस. जानेवारी 2014 मध्ये मुंबईचं पोलीस आयुक्तपद सोडून ते भाजपमध्ये गेले आणि उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून राष्ट्रीय लोकदलाचे नेते अजित सिंहांना हरवून खासदार झाले. निवृत्ती जवळ आलेली, नाव झालेलं, मतदारसंघ आपल्याच मुलखातला. उरलेल्या वर्षांत जास्त अधिकार आणि गावाकडची ओढ, हे कारण मला समजू शकतं.

सुशीलकुमार शिंदे यांचं पाऊल मात्र मला जास्त धाडसाचं वाटतं. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून सुरुवात, मग फौजदारकी. ज्या घरात पहिल्यांदाच सरकारी पगार येतो, तिथे त्या पगाराचं मोल वेगळं असतं. शरद पवारांच्या आग्रहावरून त्यांनी तिशीत तो सोडला आणि 1972 ला विधानसभेचं तिकीटच मिळालं नाही! हाती ना नोकरी, ना उमेदवारी. तरी ते टिकून राहिले. 1974 च्या पोटनिवडणुकीत करमाळ्याने त्यांना आमदार केलं. पुढे मुख्यमंत्री, केंद्रीय गृहमंत्री. नुसती सत्तेची हाव असती, तर मधली ती दोन वर्षं निघाली नसती, असं मला मनापासून वाटतं.