अडुळसा: काडीपासून काढ्यापर्यंत, सोलापूरच्या हवेतला अनुभव

पावसाळा, हिवाळा आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा, असे तिन्ही ऋतू पाहून सांगते: सोलापुरात दारापुढे लावायला अडुळशाइतकी भरवशाची औषधी वनस्पती दुसरी नाही. ब्राह्मीला सतत ओल लागते, अडुळसा मात्र मुरला की चार-पाच दिवस पाण्यावाचून तग धरतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे फार मोलाचे आहे. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही चालतो.

रोप विकत घेण्याची गरज नाही. ओळखीच्या झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची वीतभर काडी मृगाच्या पावसात लावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका घ्या. दोन डोळे मातीत जाऊ द्या. झाडाची खात्री फुलावरून होते: पांढरे, दोन ओठांचे, आत जांभळट रेषा. शोभेसाठी लावतात तो रंगीत पानांचा काळा अडुळसा वेगळा, त्याचा काढा करू नये.

काडी सुकण्यापेक्षा कुजूनच जास्त मरते. आपली काळी माती भर पावसात चिकट होते आणि पाणी धरून ठेवते. कुंडीत काळी माती, बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत सारखे घ्या, तळाची भोके खापरीने झाका. कुंडी निदान १४ इंची हवी.

बोअरचे पाणी घालणाऱ्यांना एक त्रास ठरलेला. काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह कमी पडल्याचे लक्षण. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्यामुळे नुसते खत वाढवून उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. फवारलेली पाने औषधाला घेऊ नका, नंतर आलेली घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली मिळाली नाही तर पानांच्या कडा करपतात. हिरवी जाळी बांधली की भागते.

आता वापर. पहिले सहा महिने झाडाला हात लावू नये. पुढे खालची, गर्द हिरवी, पूर्ण वाढलेली पाने घ्यावीत. कच्ची पाने वाटून पिळली तर चिकट चोथा हाती येतो, रस जवळजवळ निघतच नाही. पाने धुऊन मोदकपात्रात दहा-पंधरा मिनिटे वाफवा, गार झाल्यावर ठेचून फडक्यातून पिळा. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे रस मधातून पुरे. काढ्यासाठी चार-पाच पाने, ज्येष्ठमधाचा बोटभर तुकडा आणि दोन कप पाणी मंद आचेवर अर्धा कप होईपर्यंत आटवा. कडूपणा जात नाही, गुळाने सुसह्य होतो. पाने सावलीतच वाळवा. इथल्या कोरड्या हवेत ती लवकर कुरकुरीत होतात.

गुण येतो तो छातीत साठलेला कफ सुटायला. खोकल्याच्या गोळ्यांतले ब्रोमहेक्सिन याच पानांतल्या व्हॅसिसिनवरून तयार झाले, हे इथे लक्षात घ्यावे. घशाच्या कोरड्या खवखवीला मात्र फारसा फरक पडत नाही. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते, त्यामुळे गरोदर बाईला हा काढा अजिबात देऊ नये, घरातल्या आजींनी कितीही आग्रह केला तरी. लहान मुलांना वैद्यांना विचारल्याशिवाय नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको.

आपल्याकडे यंत्रमागावर कापसाची धूळ आणि विडीकामात तंबाखूची भुकटी रोज छातीत जाते. त्या खोकल्यावर काढ्याने तात्पुरता आराम पडतो आणि खरे दुखणे लांबत जाते. नाकातोंडाला कापड बांधून काम करावे, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला किंवा थुंकीत रक्त दिसले तर थुंकीची तपासणी आधी करून घ्यावी.

फुलोरा सरला की झाड दीड फुटावर छाटा. छाटलेला पाला तसाच बुडाशी घाला, उत्तम हिरवळीचे खत होते. जाड काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी शेजारी देऊन टाका, दुसऱ्या दिवसापर्यंत त्या सुकू लागतात.