जमार चेस की पेनेई सूएल: सिनसिनाटीने कोणाला घ्यायला हवे होते?

अमेरिकन फुटबॉलच्या २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पाचव्या क्रमांकावर सिनसिनाटी संघाने जमार चेस या रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) निवडले आणि ऑफेन्सिव्ह लाइनमधील (चेंडू फेकणाऱ्याचे रक्षण करणाऱ्या फळीतील) पेनेई सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट संघाकडे गेला. चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड मिळवले व संघ थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पोहोचला, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच हंगामाच्या साखळी सामन्यांत सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) जो बरो ५१ वेळा चेंडूसह पाडला गेला, अंतिम सामन्यात आणखी ७ वेळा, आणि सिनसिनाटी २०-२३ असे हरले. डेट्रॉइटची वाट संथ होती. तरीही भक्कम लाइनच्या बळावर त्यांनी २०२३ च्या हंगामात, १९९३ नंतर प्रथमच, आपला विभाग (स्पर्धेतील आपला गट) जिंकला. माझा कौल सूएललाच आहे, कारण फेकणाऱ्याला उसंतच मिळाली नाही तर उत्तम रिसीव्हरपर्यंतही चेंडू पोहोचत नाही.